समोर बाग आहे, पण घरात हवा किती?

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला किंवा साताऱ्यात शाहूपुरी-गोडोलीकडे फ्लॅट शोधणाऱ्याला एक शब्द हमखास ऐकू येतो: ‘गार्डन फेसिंग’. समोर बाग किंवा मोकळे मैदान असले की त्याच इमारतीतल्या मागच्या फ्लॅटपेक्षा पुढच्या फ्लॅटचा भाव चढा लागतो. हे जादा पैसे कशाचे, असे विचारले तर बहुतेकजण सांगतात, ‘मोकळ्या हवेचे’. पण बाग समोर असली म्हणजे तिची हवा आपोआप घरात येते असे नाही. ती यायला वाट लागते, आणि आत आली की बाहेर पडायलाही वाट लागते.

ही वाट कशी ठेवायची याचा धडा मुंबईत नव्वद वर्षांपूर्वी दगड-विटा आणि सिमेंटमध्ये लिहून ठेवलेला आहे. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि दादरच्या शिवाजी पार्कभोवती १९३० च्या दशकात तीन-चार मजल्यांच्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ओव्हलची रांग २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यामुळे तिच्याविषयी बोलणे होते ते ‘आर्ट डेको’ शैलीबद्दल. जिन्याच्या जाळ्या, दारावरची अक्षरे, उगवत्या सूर्याची नक्षी. ते सगळे सुंदर आहेच. मात्र या इमारतींची मुळे सौंदर्यात कमी आणि साथीच्या भीतीत जास्त आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही वर्षांत तो रेल्वेने आणि माणसांच्या पायांनी दख्खनभर पसरला. सातारा जिल्हा आणि सांगली-मिरजेची संस्थानेही त्यातून सुटली नाहीत. गावेच्या गावे रिकामी करून माळावर झोपड्या घालून राहण्याच्या आठवणी इकडच्या अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. मुंबईला माळ नव्हता. तिथे सरकारने १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला, दाटीच्या वस्त्या पाडायला घेतल्या आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, शीवकडे नव्या वसाहती आखल्या. रोग कोंदट, अंधाऱ्या खोल्यांतल्या दूषित हवेतून होतो, ही तेव्हाची समजूत होती.

प्लेगच्या बाबतीत ती चुकीची होती. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. खोलीत कितीही उजेड आला तरी पिसवेला त्याचे काही वाटत नाही. पण चुकीच्या समजुतीतून कधी कधी उपयोगी नियम जन्माला येतात. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या बाहेर, भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशात गेली पाहिजे. भूमितीत हा कोन सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. चाळीस फुटी इमारत असेल तर वीस फूट.

मैदानाच्या काठावरच्या इमारतीला हा नियम एका बाजूने तरी फुकटात पाळला जातो. समोर कोणी बांधणारच नसते. शिवाजी पार्क १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून लोकांसाठी खुले झाले आणि दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला आजचे नाव मिळाले. सुमारे अठ्ठावीस एकरांची ही जागा मोकळी राहिली आणि तिच्या कडेने घरे उठली.

प्लेग ओसरला, पण दुसरा रोग तिथेच होता आणि त्याचा हवेशी खरोखर संबंध होता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधले, पण त्यावर पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळायला १९४० चे दशक उजाडावे लागले. मधली साठ वर्षे डॉक्टरांच्या हाती विश्रांती, सकस अन्न आणि हवा एवढेच होते. मुंबईचे ज्यांना परवडे ते रुग्ण त्यासाठी आपल्याच भागात येत. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ आरोग्यधाम सुरू केले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल नावारूपाला आणले आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या क्षयरुग्णालयामुळे ‘वॉनलेसवाडी’ हे नाव पडले. लांबलचक व्हरांडे, ओळीने खाटा आणि दिवसरात्र उघड्या बाजू ही अशा आरोग्यधामांची जगभरची रीत होती. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टो या वास्तुविशारदाने पाइमिओ येथे १९३३ मध्ये पूर्ण केलेले क्षयरुग्णालय तर नव्या वास्तुकलेचा नमुना म्हणून गाजले.

त्याच वर्षांत मुंबईत बांधल्या जाणाऱ्या घरांत हीच कल्पना वेगळ्या कपड्यांत आली. आरोग्यधामातला व्हरांडा घराची बाल्कनी झाला. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यामुळे भार भिंतींवर न राहता खांबांवर आला आणि खिडक्या रुंद करता आल्या, अगदी कोपऱ्यातसुद्धा. खिडकीवर भुवईसारखा पुढे आलेला छज्जा ऊन आणि पाऊस दोन्ही अडवी, म्हणून पावसातही खिडकी उघडी राहू शके. जी. बी. म्हात्रे यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी ही शैली इथल्या हवामानाला बसवली.

या घरांना मुंबईच्या मराठीत नाव पडले ‘ब्लॉक’. चाळीत खोली असते, ब्लॉकमध्ये सगळे दाराच्या आत: स्वयंपाकघर, मोरी आणि मुख्य म्हणजे संडास. आज हे वाचताना गंमत वाटेल, पण घरात संडास ही त्या वेळच्या मध्यमवर्गाला सहज पचणारी गोष्ट नव्हती. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना आड येत. म्हणून तो घराच्या अगदी मागच्या टोकाला ढकललेला, आणि कित्येक ठिकाणी सफाई कामगारासाठी मागून वेगळा जिना. त्या जिन्यात जातिव्यवस्था उघड दिसते. तरीही ड्रेनेजला जोडलेल्या फ्लशच्या संडासाने हगवण, कॉलरा, विषमज्वराची वाट किती अडवली याचा अंदाज करायचा तर सातारा-सांगलीच्या गल्लीबोळांतले टोपलीचे संडास आठवावेत. ते पुढेही कित्येक दशके चालू होते.

ही घरे सगळ्यांसाठी नव्हती. त्याच काळात सातारा जिल्ह्यातून (आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता) गिरणीत गेलेला माणूस परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर पाळीपाळीने झोपत होता. शिवाजी पार्कपासून ते अंतर चालत जाण्याएवढे. छातीचा आजार जडला की गावी परत यायचे. उजेड आणि वारा ही तेव्हा पगारावर मोजून मिळणारी वस्तू होती, आणि आजही फारसे वेगळे नाही.

‘सोसायटी’ या शब्दाचाही इथे थोडा खुलासा हवा. सहकार म्हटले की आपल्याकडे साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो, पण घरांचा सहकार त्याहून जुना आहे. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ मध्ये स्थापन झाली. इमारत सोसायटीची, सभासद तिथला हक्काचा रहिवासी. मैदानांभोवतीच्या बहुतेक इमारती मात्र मालकाच्या आणि भाड्याच्या होत्या, सोसायट्या त्यांपैकी काहींच्या नंतर झाल्या. हा फरक आरोग्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचा ठरला ते पुढे येईल.

आता मुख्य प्रश्न. जुन्या घरातली हवा खरेच चांगली, की ही नुसती जुन्याची ओढ? याचे मोजून दिलेले एक उत्तर पेरूतून आले. लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांमधल्या सत्तर खोल्यांत संशोधकांनी हवा किती वेळा बदलते ते मोजले. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या उघड्या असताना १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हवा तासाला ४० वेळा बदलत होती. नव्या, तरीही खिडक्यांवरच चालणाऱ्या खोल्यांत १७ वेळा. खास यंत्रे बसवलेल्या खोल्यांसाठीचे शिफारस केलेले प्रमाण १२ होते. उपचार न झालेल्या क्षयरुग्णासोबत चोवीस तास राहिल्यास किती जणांना संसर्ग होईल, याचे गणित त्यांनी मांडले: यंत्राच्या खोलीत ३९ टक्के, नव्या खोलीत ३३ टक्के, जुन्या खोलीत ११ टक्के.

अर्थात हे रुग्णालयांचे आकडे आहेत, घरांचे नाहीत, आणि संसर्गाचे आकडे गणिती नमुन्यातून आलेले आहेत. पण त्यामागचे कारण घरालाही तेच लागू पडते. क्षयरुग्ण खोकतो तेव्हा बाहेर पडणारे सूक्ष्म कण तासन् तास हवेत तरंगतात. खोलीची हवा एकदा पूर्ण बदलली की त्यांतले साधारण ६३ टक्के निघून जातात, दुसऱ्यांदा बदलली की उरलेल्यांतले ६३ टक्के. खिडक्या बंद केल्या की हेच चक्र थांबते. लिमामध्ये उघड्या आणि बंद खिडक्यांत अठरा पटींचा फरक पडला. म्हणजे खिडकी असण्यापेक्षा ती उघडी असणे महत्त्वाचे.

उलट बाजू पाहायला पेरूला जाण्याची गरज नाही. मुंबईतच गोवंडी-मानखुर्दकडे पुनर्वसनासाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मधल्या अभ्यासात तिथे क्षयाचे प्रमाण जवळच्याच, मोकळी जागा राखलेल्या वसाहतीपेक्षा खूप जास्त आढळले. ऑर यांचा साडेत्रेसष्ट अंश शंभर वर्षांनी असा विसरला गेला. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथे ही चैन परवडणारी नाही.

मग बागेचा वाटा किती? थोडा आहे, पण जाहिरातीत असतो तेवढा नाही. जगभरातल्या मोजमापांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये घेतला गेला. त्यात शहरातली बाग दिवसा आसपासच्या भागापेक्षा सरासरी ०.९४ अंश सेल्सिअसने थंड निघाली. गारवा येतो तो झाडांची सावली आणि पानांतून होणारे बाष्पीभवन यांतून. मैदान म्हणजे बाग नव्हे. बोडक्या मातीचे पटांगण दुपारी तापतेच.

हिरवे दिसण्याचाही काही उपयोग आहे. अमेरिकेत रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे २३ आणि विटांची भिंत दिसणारे २३. झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. वेदनाशामक गोळ्याही पहिल्या गटाला कमी जोरदार लागल्या. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा इमला रचू नये. मात्र म्हातारपणी घराबाहेर पडणे कमी झालेल्या माणसाला खिडकीतून क्रिकेट, शाळेची मुले आणि कट्ट्यावरची गर्दी दिसणे याचे मोल शिवाजी पार्ककर कोणत्याही अभ्यासाशिवाय जाणतात.

त्यांच्याकडे तक्रारीही आहेत. मैदानावरची लाल माती उडून घरात येते, ही तिथल्या रहिवाशांची वर्षानुवर्षांची डोकेदुखी. हिवाळ्यात वारा पडला की धूळ खालीच राहते, आणि दम्याच्या माणसाला मैदानासमोरची खिडकी लावून घ्यावी लागते. पाणी मारणे, गवत लावणे असे उपाय होत राहिले. आवाजाचेही तसेच. सभा-मेळाव्यांचे हे मैदान, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते शांतता क्षेत्र ठरवले. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा असते, तरी ठरावीक दिवसांना सवलत मिळतेच. त्यात कबुतरे. जुन्या रुंद छज्ज्यांवर ती बिऱ्हाड करतात, आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की काहींच्या फुफ्फुसांना कायमची सूज येऊ शकते.

सर्वांत मोठी अडचण इमारतींच्या वयाची आहे. म्हाडा मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचे वर्ग करते. त्यांत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत ‘अ’ वर्गात येते, म्हणजे जवळजवळ सगळ्या महायुद्धपूर्व इमारती. काँक्रीट ताजे असताना अल्कधर्मी असते आणि आतल्या लोखंडी सळीला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरतो, तो गुणधर्म कमी करतो, समुद्राच्या हवेतले क्षार त्याला हातभार लावतात. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. प्रथम पडतात ते तेच सुंदर छज्जे. भेगांतून पाणी मुरले की भिंतीवर बुरशी, आणि ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत दमा व श्वसनाचे त्रास वाढतात हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्पष्ट नोंदवले आहे. हवेसाठी बांधलेले घर असे हवेनेच आजारी पडते.

इथे मालकी आडवी येते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाने दुरुस्तीवरचा हात काढला. सोसायटी असेल तर निदान सभासद मिळून वर्गणी काढू शकतात. त्यातही तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना राहणारे सत्तरीचे जोडपे आणि तळमजल्यावरचा तरुण यांचे एकमत होईतो दोन पावसाळे जातात. शेवटी पुनर्विकास येतो. नवा टॉवर लिफ्ट देतो, भूकंपाचा विचार केलेला पाया देतो, व्हीलचेअर जाईल असे दार देतो. या गोष्टींना कमी लेखून चालणार नाही, गुडघे दुखणाऱ्याला विचारावे. जाते ती समोरासमोरच्या खिडक्यांची जोडी.

आणि हीच जोडी आता सांगली-साताऱ्यातूनही जात आहे. गावभागातल्या किंवा साताऱ्याच्या पेठांमधल्या वाड्याचा चौक ऊन, वारा आणि पाऊस घरात मधोमध आणत असे. वाडा पाडून उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटमध्ये त्याच्या जागी ‘डक्ट’ येतो, चार फुटांची एक विहीर, तळाशी कचरा आणि कबुतरे. स्वयंपाकघराचा धूर आणि संडासाची खिडकी त्यात उघडते. पुढची बाल्कनी बंद करून हॉल मोठा केला जातो. वर सरकत्या काचा. सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते, डासांच्या जाळीसाठी तिसरी पट्टी असली तर त्याहून कमी. जुनी कवाडांची खिडकी पूर्ण उघडत असे. जाळी नको म्हणण्याची सोय नाही, डेंग्यूचा डास दिवसाच चावतो. पण जाळीने वारा बराच मंदावतो, म्हणून खिडकी मुळातच मोठी लागते. बंद काचेआडच्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते.

घर पाहायला जाताना म्हणूनच दोन-तीन साध्या गोष्टी कराव्यात. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपर्यंतच आत पोचतो, समोरासमोर वाट असेल तर पाच पटींपर्यंत. राष्ट्रीय बांधकाम संहितेतली किमान उंची २.७५ मीटर आहे. त्या हिशेबाने एका खिडकीची खोली वीस-बावीस फुटांपेक्षा खोल असली तर मागचा भाग कोंदटच राहणार. शेजारच्या इमारतीकडच्या खिडकीतून आकाश दिसते का, हे खाली वाकून पाहावे. पहिल्या मजल्यावरून दिसले तर ऑर यांचा नियम पाळला गेला असे समजायला हरकत नाही. बंद केलेली बाल्कनी पुन्हा उघडता येते, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. घर जुने असेल तर सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांवरच्या इमारतीची ती दर तीन वर्षांनी व्हायला हवी.

आणि खिशात एक उदबत्ती ठेवावी. बागेकडची खिडकी आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडून, पंखे बंद करून, ती हॉलच्या मध्यभागी लावावी. धूर सरळ वर जाऊन छताशी रेंगाळला तर बागेसाठी मागितलेले जादा पैसे फक्त दिसण्याचे आहेत. तो आडवा होऊन स्वयंपाकघराकडे निघाला, तर भाव करायला बसायला हरकत नाही.